कांडवेलीपाशी बसलेली बगळी

डोंगरातल्या एका जंगलात, आटत चाललेल्या एका तळ्याच्या काठी, एक बगळा राहत असे. मुलांनो, बगळा म्हटले की तुम्हाला लगेच डोळे मिटून मासे मटकावणारा ढोंगीबुवा आठवतो, हे मला पक्के ठाऊक आहे. पण तेवढे आज बाजूला ठेवा. हा बगळा एका पायावर उभा राही तो खरोखरच विचार करायला, आणि त्या दिवसांत त्याला विचार एकच होता, आपल्या बगळीच्या पंखाचा. वादळात अंगावर फांदी पडून तिच्या उजव्या पंखाचे हाड मोडले होते. तळे पार आटले की सगळा थवा दूरच्या नदीकडे उडून जाई, ही दरसालची रीत. तोवर पंख सांधला तर बगळी थव्याबरोबर जाणार. नाही सांधला तर ती कोरड्या चिखलात मागे राहणार, आणि कोल्ह्या-लांडग्यांच्या राज्यात न उडणाऱ्या पक्ष्याचे काय होते, ते मी सांगायला नको.

जंगलात वैद्य एकच, एक म्हातारे अस्वल. मोहाच्या झाडाखाली त्याचा दवाखाना. त्याच्या हाताला गुण मोठा. त्याने बगळीचा पंख चाचपून पाहिला होता आणि सांगितले होते, की कांडवेल ठेचून तिचा ताजा लेप रोज बांधला तर मोडलेले हाड सांधेल, पंख पुन्हा उडेल. मात्र रोज म्हणजे रोज. इथेच घोडे पेंड खात होते. उजाडल्यापासून मोहाखाली रोग्यांची ही गर्दी उसळे, आणि सूर्य कलला की अस्वलाला दिसेनासे होई, मग काम बंद. बगळीचा नंबर एखाद्या दिवशी लागे, बहुतेक दिवशी लागत नसे. नंबर तरी कसला! ज्याचे ओरडणे मोठे त्याचे दुखणे मोठे, असा तिथला हिशेब. रानडुकराच्या पायात बाभळीचा काटा मोडला तर ते सारा डोंगर दणाणून सोडी आणि सरळ पुढे घुसे. बगळी बिचारी पंख पोटाशी धरून मागे बसून राही. ओरडायची तिला लाज वाटे.

शेवटी प्राण्यांनी सभा भरवली. सभेत रानडुकराचाच आवाज चढला. त्याचे म्हणणे, वैद्यबुवा आताशा ढिले पडले आहेत, त्यांनी अंमळ लवकर उठावे आणि जरा पाय उचलावेत, म्हणजे झाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. माना डोलवायला काय लागते? अस्वल भले होते. ते भल्या पहाटे उठू लागले, दुपारचा मध चाटायचे सोडून राबू लागले. पण वैद्य लवकर येतात म्हटल्यावर रोगीही लवकर येऊ लागले, आणि दिवस कलता कलता अस्वलाचे पाय असे भरून येत की चालवेना. रांग होती तेवढीच राहिली. वर वैद्यच आजारी पडायची वेळ आली, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

बगळ्याला हे बघवेना. मोहासमोरच्या खडकावर तो एक पाय दुमडून उभा राहिला आणि नुसता बघू लागला. सगळ्यांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. रानडुकराने तर त्याचे नावच उंटावरचा शहाणा ठेवले. बगळा हलला नाही. मोहाची सावली जमिनीवर कशी सरकते, त्यावर तो नजर ठेवून होता. त्याला दिसले ते असे. अस्वल पाला ठेची, लेप लावी, पट्टी बांधी, तेवढ्यात सावली जेमतेम बोटभर सरके. पण त्याआधी अस्वल पाला आणायला जाई, आणि ते परत येईस्तोवर सावली या मुळीवरून त्या मुळीवर गेलेली असे. म्हणजे वैद्यबुवांचा दिवस हातांत जातच नव्हता, पायांत जात होता.

आता तुम्ही म्हणाल, एकेका रोग्यासाठी एवढी पायपीट कशाला? त्यालाही कारण होते. मागे एकदा एका कोल्ह्याने औषधाच्या नावाखाली वाळका कुजका पाला जंगलभर खपवला होता आणि पुष्कळांच्या जखमा चिघळल्या होत्या. दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून पितात. तेव्हापासून जंगलात नियमच होऊन बसला, की औषधाचा पाला रोग्याच्या डोळ्यांदेखत तोडायचा. त्यामुळे अस्वल एका रोग्याला घेऊन जखमेवर लावायच्या दगडी पाल्याच्या झुडपांकडे जाई, परत येई, दुसऱ्याला घेऊन ओढ्याकाठच्या निर्गुडीकडे जाई, परत येई, आणि तिसऱ्याला घेऊन पुन्हा त्याच दगडी पाल्याकडे. शिवाय रोग्यामागून त्याचा सगळा गोतावळा, आणि वाटेत प्रत्येकाला दुखण्याची कथा पहिल्यापासून सांगायची असे.

बगळ्याला वाटले, सापडले! त्याने अस्वलाला गळ घातली, की पहाटे एकदाच फिरून सगळा पाला तोडून आणा आणि मोहाखाली ढीग घालून ठेवा. अस्वलाने ऐकले. आणि काय सांगू, त्या दिवशी जी फजिती झाली! उन्हाचा चटका लागला तसा पाला मलूल पडला. सशांनी तो हुंगून नाक मुरडले. रानडुकराने शिळा पाला, शिळा पाला म्हणून आरडाओरडा केला. कोणीही औषध घेईना. अस्वलाला पुन्हा पहिल्यासारखी पायपीट करावी लागली, त्यात उशीर झाला, आणि त्या दिवशी बगळीच काय, हरिणांची सगळी ओळच्या ओळ औषधावाचून परत गेली. बगळ्याची मान खाली गेली. नियम लोकांच्या मनात का रुजला आहे याचा आपण विचारच केला नाही, हे त्याच्या ध्यानात आले आणि त्याला स्वतःचा राग आला. तळ्यात तर आता पायाच्या घोट्याइतकेच पाणी उरले होते.

तरी दुसऱ्या दिवशी तो खडकावर हजर. इकडे बगळीला मात्र त्या गर्दीचा वीट आला होता. नंबर लागणार नाहीच, मग धक्के तरी कशाला खायचे, असे म्हणून ती हळूहळू चालत डोंगराच्या पलीकडच्या कातळावर गेली आणि तिथे चढलेल्या कांडवेलीपाशी सावलीला बसली. तिला शोधत बगळा तिथे पोहोचला आणि जरा रागावलाच, की रांग सोडून इथे कशाला आलीस.

बगळी म्हणाली, "अहो, वेल काही उठून मोहापाशी यायची नाही. वैद्यबुवांना शेवटी मला घेऊन इथेच यायचं आहे ना? मग मी आधीच येऊन बसले तर कुणाचं काय बिघडलं?"

बगळ्याचा दुमडलेला पाय आपोआप खाली आला. साधी गोष्ट! पाला रोग्याकडे न्यायचा नाही. रोग्यानेच पाल्यापाशी बसायचे. जखमवाल्यांनी दगडी पाल्यापाशी, तापकऱ्यांनी गुळवेलीपाशी, सूज आलेल्यांनी निर्गुडीपाशी, हाडे मोडलेल्यांनी कांडवेलीपाशी. वैद्यबुवांनी सकाळी मोहाखाली नव्या रोग्यांकडे एक नजर टाकून कोणी कुठे बसायचे तेवढे सांगायचे, आणि मग डोंगराला एकच फेरी घालायची. पाला तोडला जाणार तो रोग्याच्या डोळ्यांदेखतच. नियमाला धक्का नाही, आणि पायपीट वाचली.

बगळा तडक अस्वलाकडे गेला. अस्वल आधीच पोळलेले, ते कुरकुरले. पण बगळ्याने पिच्छा सोडला नाही. त्याने अस्वलाला खडकावर आणले, सावली दाखवली, मुळ्या दाखवल्या, पुन्हा पुन्हा समजावले. अखेर अस्वल म्हणाले की बरे, एक दिवस करून पाहू, पण फसले तर पुन्हा तोंड दाखवायचे नाही.

ठरल्या दिवशी सकाळी सगळे जंगल मोहाखाली लोटले. अस्वलाने भराभर नजर फिरवली आणि रोगी आपापल्या झाडापाशी जाऊन बसले. रानडुकराला दगडी पाल्याकडे जायचे होते, पण ते हट्टाने मोहाखालीच उभे राहिले. एवढ्यात अस्वलाने बगळ्याला विचारले, "बगळोबा, फेरी कोणत्या टोकाकडून सुरू करू?"

रानडुक्कर फुत्कारले, "त्याला काय विचारता? त्याची बगळी बसली आहे कांडवेलीपाशी. तिकडूनच सांगेल. हा सगळा खटाटोप स्वतःच्या पोळीवर तूप ओढायला तर चालला आहे!"

मुलांनो, खरे सांगते, बगळ्याच्या मनात ते आले होते. का येऊ नये? कांडवेल होती दुसऱ्या टोकाला. हा बेत फसला, वाटेत उशीर झाला, तर आजचा दिवसही गेला, आणि तळ्यातले पाणी तर रोज खाली जात होते. अस्वलाने तिकडून सुरुवात केली असती तर त्याला कोणी अडवलेही नसते. त्याने दगडी पाल्याकडे पाहिले. तिथे एक हरिणी मांडीला मोठी जखम घेऊन पडली होती. तिच्या तोंडून आवाज निघत नव्हता, आणि तिच्याखालची माती ओली होत होती.

बगळा म्हणाला, "दगडी पाल्याकडून, वैद्यबुवा. आणि तिथेही आधी ती हरिणी. मोडलेलं हाड थोडं थांबतं. वाहतं रक्त थांबत नाही."

अस्वल वळले आणि दगडी पाल्याकडे चालू लागले. रानडुक्कर तिथेच उभे राहिले, मग गुपचूप अस्वलाच्या मागे जाऊन हरिणीनंतर बसले.

बगळा कातळावर बगळीपाशी आला आणि त्याने तिला सगळे सांगून टाकले. तिला वाईट वाटले होते, आणि का वाटू नये? मग तिने विचारले, "आजही नंबर नाही लागला तर?"

"तर उद्या बसू," बगळा म्हणाला. "पण जिचा जीव चालला आहे तिला मागे सारून तुझा पंख बांधला, तर तो मला बघवणार नाही."

ऊन कातळावरून खाली उतरू लागले. बगळा वाटेकडे डोळे लावून बसला. आणि मग झुडपांतून अस्वल बाहेर आले, तेही धापा न टाकता! ऊन अजून कांडवेलीवर होते. अस्वलाने वेलीची कोवळी कांडी बगळीसमोर तोडली, दगडावर ठेचली, पंखाला लेप बांधला, आणि इकडेतिकडे पाहून भांबावून विचारले, "एवढेच? आणखी कोणी उरले नाही?"

कोणी उरले नव्हते. अस्वल खाली बसले आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा पाय पसरून निवांत मध चाटू लागले.

तेव्हापासून फेरी रोज होऊ लागली. प्रत्येक झाडापाशी बसलेले आपसांतच पाहू लागले, की आपल्यात जास्त कोणाला लागले आहे, आणि त्याला पुढे करू लागले. ओरडण्यात काही अर्थ उरला नाही म्हटल्यावर ओरडणेही थांबले. बगळीचा लेप एक दिवसही चुकला नाही. तळ्याचा तळ भेगाळला, त्या आठवड्यात अस्वलाने तिची पट्टी सोडली.

थव्याची निघायची वेळ झाली. आदल्या संध्याकाळी अस्वल बगळ्याला म्हणाले, की तू गेल्यावर इथे पुन्हा गोंधळ होईल, मला भीती वाटते. बगळा हसला. "वैद्यबुवा, मी नसल्यावर जी मोडते ती व्यवस्थाच नव्हे," एवढेच तो म्हणाला. पण बोलायला सोपे. रात्रभर त्यालाही तीच धाकधूक होती.

सकाळी थवा उठला. बगळी भेगाळलेल्या चिखलावरून धावत सुटली, तिने पंख पसरले, ती हवेत उचलली गेली आणि धपकन खाली आली. ती पुन्हा धावली. या वेळी उजवा पंख डाव्याच्या बरोबरीने उघडला, आणि ती वर गेली, तशीच वर गेली. बगळा तिच्या मागोमाग उडाला. डोंगरावरून जाताना त्याने खाली पाहिले. दगडी पाल्यापाशी काहीजण बसले होते, निर्गुडीपाशी काहीजण, आणि मध्ये वाकून अस्वल कोणाची तरी जखम बांधत होते. आभाळातून एवढा थवा चालला होता, पण वर पाहायला कोणाला सवड नव्हती. बगळ्याला त्याचे मुळीच वाईट वाटले नाही. त्याचे डोळे आनंदाने भरून आले, आणि तो बगळीच्या बाजूने नदीच्या दिशेने उडत राहिला.

तात्पर्य : काम तुंबले की राबणाऱ्याला आणखी राबवू नये, त्याचे कष्ट कुठे वाया जातात ते आधी नीट पाहावे. आणि नवी घडी बसवताना तिच्यात स्वतःला पहिली जागा देऊ नये, तरच ती आपल्यामागेही टिकते.