निवळ्या नसलेला ओढा

एका सकाळी एक शिष्या ओढ्यावर घागर बुडवायला वाकली आणि तिचा हात तसाच अधांतरी राहिला. पाण्यावर निवळ्या नव्हत्या. एरवी घागरीची नुसती सावली पडली तरी हे चिमुकले किडे पाण्यावरून सैरावैरा धावत सुटत. आज पाणी रिकामं होतं.

आश्रमाची एक रीत होती. घागर भरण्यापूर्वी ओढ्यातला एक दगड उलटायचा, त्याखाली काय वळवळतंय ते पाहायचं आणि दगड पुन्हा होता तसा ठेवायचा. असं का, ते गुरुजींनी कधी सांगितलं नव्हतं. शिष्या स्वभावाने भित्री. त्या किड्यांची तिला शिसारी येई, म्हणून ती डोळे अर्धे मिटूनच दगड उलटत असे. आज मात्र किडे दिसावेत असं तिला आयुष्यात प्रथमच वाटलं. तिने एक दगड उलटला, मग दुसरा, मग हाताला लागेल तो. खाली काहीच नाही. एका कपारीत खेकडा उताणा पडला होता. आणि पाणी इतकं नितळ, की तळाची वाळू कणाकणाने दिसावी.

रिकामी घागर तिथेच टाकून ती धावत सुटली.

आश्रमाच्या ओसरीवर आदल्या संध्याकाळी आलेला एक व्यापारी हातात पाण्याचा तांब्या घेऊन बसला होता. तिचं धापा टाकत सांगणं ऐकून त्याला हसू आलं.

"किडे गेले म्हणून एवढा आकांत? अगं, लोक पाणी गाळून किडे काढतात. तुमच्याकडचे आपणहून गेले, तर बरंच झालं की."

गुरुजी उठले. त्यांनी पाहुण्याच्या हातातला तांब्या घेऊन अंगणात ओतला. पाठोपाठ, पाहुण्यासाठी पहाटे घाईघाईत, दगड न उलटताच भरलेला रांजणही कलंडवला. ऐन वैशाखात एवढं पाणी मातीत गेलेलं पाहून बाकीचे शिष्य हळहळले.

"शेठजी, काल तुमचे बैल वरच्या उतारावर ओढा ओलांडून आले ना?"

"आले. एक घसरला, मोरचुदाचं पोतं पाण्यात पडलं. पण काळजी नको, ते सगळं विरघळून गेलं."

"विरघळलं, शेठजी. गेलं कुठे?"

व्यापाऱ्याचा चेहरा उतरला. मोरचूद म्हणजे विष, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

गुरुजी शिष्यांकडे वळले. "पाणी बिघडलं, हे आपल्या जिभेला उशिरा कळतं, पोटाला त्याहून उशिरा. दगडाखालचा जीव मात्र रात्रंदिवस त्यातच राहतो. त्याचं घर तेच, श्वासही तोच. म्हणून तो आपल्या आधी मरतो. पाणी किती स्वच्छ दिसतं, हे पाहून भागत नाही. त्यात कोण नांदतं, ते पाहावं लागतं."

"आणि खाली?" शिष्येने मध्येच विचारलं. "खालच्या वळणावर धनगरांचा तळ आहे. ऊन चढलं की मेंढ्या पाण्यावर येतात."

"मग तूच जा," गुरुजी म्हणाले. "सगळ्यांत आधी दचकणारी तू आहेस. आज तेच कामाचं आहे."

ती पळाली. पायात काटा मोडला तरी थांबली नाही. टेकाडावर पोचली तेव्हा कळप उतरणीला लागला होता. सर्वांत पुढे एक धनगरीण, कडेवर लेकरू, नुकतीच काठाशी वाकलेली.

"मावशी, थांबा! पाणी पिऊ नका!"

कुणी वळून पाहिलं नाही. मागून एक म्हातारा धनगर मात्र मोठ्याने म्हणाला, "आली आश्रमातली भित्री. आज काय दिसलं गं, परत अस्वल?" सगळे हसले. गेल्याच आठवड्यात, वाळत घातलेल्या घोंगडीला अस्वल समजून तिने सारा तळ गोळा केला होता.

परत फिरावं, असं तिला क्षणभर वाटलं. तेवढ्यात धनगरणीने ओंजळ भरून लेकराच्या ओठांशी नेलेली तिला दिसली.

"माझं ऐकू नका," ती जीव खाऊन ओरडली, "पाण्याकडे बघा. एक तरी निवळी दिसतेय का?"

हसणं थांबलं. धनगरणीने ओंजळ तशीच धरून ओढ्यावर नजर फिरवली. वर पाहिलं, खाली पाहिलं, वाकून पायाजवळचा काठ पाहिला. मग ओंजळ सोडून दिली आणि हात लुगड्याला पुसले.

"न्हाई गं पोरी," तिने खालून साद दिली. "एक बी न्हाई. मेंढरं मागं घेतो आम्ही, तू ये खाली."