नाव सांगायचा धोंडा

हिवरवाडीच्या वेशीत शिरताना डाव्या हाताला, कडुनिंबाखाली, एक काळा सपाट धोंडा आहे. त्याला शेंदूर नाही, फूल नाही. गावात लग्न होऊन आलेली नवरी देवळात जाण्याआधी त्यावर उभी राहते आणि वऱ्हाडाला ऐकू जाईल असं आपलं नाव सांगते. आईबापांनी ठेवलेलं. ते नाव या गावात बदलत नाहीत. वर्गात हजेरी देतानाही माझा आवाज मागच्या बाकापर्यंत पोहोचत नाही. धोंड्यावर उभं राहायच्या कल्पनेनंच मी मागं सरले. गाव दाखवणारे महिपती नाना हसले. "भिऊ नका ताई, लगीन झाल्याबिगर चढवत न्हाय आमी कुणाला," म्हणाले, आणि काठी टेकून सांगू लागले.

या गावचे भगवंतराव इंगवले, म्हणजे आप्पासाहेब, इंग्रजांच्या अमलापासून मुंबईच्या कायदेमंडळात होते म्हणे. विहिरी सगळ्यांना खुल्या केल्या तेव्हा भावकीनं त्यांना वाळीत टाकलं होतं. पोरींच्या शाळेला जागा मिळेना, तर आपली गुरं बाहेर बांधून त्यांनी ती गोठ्यात भरवली. स्वराज्य आलं, बायांनाही मत मिळणार असं ठरलं, आणि नावं टिपायला तालुक्याहून कारकून आला. तर बाया नावच सांगेनात. नवऱ्याचं घ्यायचं नाही ही रीत, आणि स्वतःचं माहेरी राहिलेलं. दगडूची आई, पाटलाची सून, एवढंच. नाव नाही तर मत नाही, असं कारकुनानं सांगून टाकलं.

तेव्हा आप्पासाहेबांनी खंडोबाचा भंडारा उचलून शपथ घेतली: गावातली एक जरी बाई नावावाचून राहिली, तर मी पुन्हा निवडणुकीला उभा राहणार नाही.

पारावरचे पुरुष हसले. "आप्पासाहेब, आधी घरचं नाव घ्या की," असा टोमणा आला. त्यांनी बायकोला बोलावलं. ती या धोंड्यावर उभी राहिली, आणि नवऱ्याकडेच बघत राहिली.

"सांग की, लक्ष्मीबाई," आप्पासाहेब खालून म्हणाले.

"त्ये तुमी ठेवल्यालं. माझं तुमास्नी ठावं हाय का?"

लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं 'लक्ष्मी' लिहिलं होतं. त्याआधीचं विचारायचं त्यांना कधी सुचलंच नव्हतं. आणि बायकांच्या हक्कावर सभागृहात बोलणारा माणूस. त्यांनी फेटा काढून हातात घेतला. सगळ्यांदेखत म्हणाले, "न्हाय ठावं. तू सांग."

"ठकू," ती म्हणाली. "आधीची भावंडं जगली न्हाईत, म्हून मरणाला फसवायला आयनं ठेवलं. दिसायला बरं नसंल, पर त्याच नावानं मी जगले."

मग बाया पुढं झाल्या. बाळाई, सोना, राधी, कोंडाबाई. असं सांगतात की त्या दिवशी निंबाचं पानही हललं नाही. झाडही ऐकत होतं.

शेवटी आप्पासाहेबांची आई उरली. डोळ्यांनी अधू, पार थकलेली. ठकूबाईंनी हाताला धरून तिला धोंड्यावर चढवलं. म्हातारी पुष्कळ वेळ तशीच उभी राहिली.

"न्हाय आठवत, बाळा," ती म्हणाली. "आय मला कायतरी म्हणायची."

लहानपणीच लग्न होऊन आलेली ती. त्या नावानं तिला हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं.

कारकून म्हणाला, "एखाद्या देवीचं नाव घालू, साहेब. कोण बघतंय?" गावानंही गळ घातली, त्यांच्यावाचून गावची बाजू मांडणारा दुसरा कोण होता? आप्पासाहेबांनी मान हलवली. "लग्नात तिला न विचारता एकदा नाव दिलं गेलं. आता मी नाही देणार."

आणि ते निवडणुकीला उभे राहिले नाहीत. मतदानाच्या दिवशी गावातल्या बायांची रांग वेशीबाहेर गेली होती म्हणे, आणि आप्पासाहेब आईशेजारी बसून तिला सांगत होते, आता कोण आत गेली, आता कोण.

"आमदार मागनं लय झालं," नाना म्हणाले, आणि त्यांची वाकलेली पाठ ताठ झाली. "पर बाईच्या नावापायी खुर्ची सोडणारा आमच्याच गावचा."

आजही नवरी धोंड्यावर चढली की वाजंत्री थांबवतात. ती लगेच तोंड उघडत नाही. सारं वऱ्हाड, पोरंबाळंसुद्धा, क्षणभर गप्प उभं राहतं. ती वेळ त्या म्हातारीची. मग नवरी आपलं नाव सांगते.