गोगीचं हिरवं पाणी

गोठ्यामागे होता माशांचा हौद. हौदात हिरवंगार पाणी. तिथे राहायची गोगी गोगलगाय. केवढी? हरभऱ्याएवढी! हिरवं हिरवं चाटायची आणि ढेकर द्यायची.

एक दिवस चंद्राक्कानं हौद घासला. खसाखसा, खसाखसा! नवं पाणी भरलं. हौद कसा, चकाचक! चंद्राक्का खूश. पण गोगीचं जेवण? गेलं की वाहून! गोगीच्या पोटात कावळे ओरडू लागले.

गोगी म्हणाली, "पाण्या पाण्या, हिरवं हो."

पाणी म्हणालं, "नाही होत ज्जा! आधी शेण आण."

गोगी निघाली. सरक सरक, सरक सरक.

"गाई गाई, शेण दे.
शेण नाही,
पाणी हिरवं नाही,
गोगीच्या पोटात काही नाही!"

गाय म्हणाली, "नाही देत ज्जा! आधी गवत आण."

सरक सरक, सरक सरक.

"गवता गवता, गाईकडे चल.
गवत नाही,
शेण नाही,
पाणी हिरवं नाही,
गोगीच्या पोटात काही नाही!"

गवत म्हणालं, "नाही येत ज्जा! आधी विळा आण."

सरक सरक, सरक सरक.

"विळ्या विळ्या, गवत काप.
विळा नाही,
गवत नाही,
शेण नाही,
पाणी हिरवं नाही,
गोगीच्या पोटात काही नाही!"

विळा म्हणाला, "नाही कापत ज्जा! आधी अक्काला उठव."

अक्का बाजेवर आडवी. सरक सरक, सरक सरक. दमली बाई गोगी!

"अक्का अक्का, ऊठ ना.
अक्का नाही,
विळा नाही,
गवत नाही,
शेण नाही,
पाणी हिरवं नाही,
गोगीच्या पोटात काही नाही!"

अक्का म्हणाली, "नाही उठत ज्जा! हौद घासून कंबर मोडली माझी."

आता गोगी रडली? छे! गोगी चढली अक्काच्या तळपायावर. थंडगार, गिळगिळीत. सरक सरक, सरक सरक.

"अगंबाई! ही ही ही! गुदगुल्या!"

अक्का टुणकन उठली. गोगीला बघून म्हणाली, "अगं, म्हणजे तुझं ताट मीच घासलं की! तू जेवायच्या आधीच!"

अक्कानं घेतला विळा.
विळ्यानं कापलं गवत. सप सप!
गवत खाल्लं गाईनं. कचर कचर!
गाईनं उचललं शेपूट आणि... पचाक्!

अक्कानं शेण हौदात कालवलं. थोडंसंच हं! वर पडलं ऊन. रोज रोज ऊन. पाणी आधी पिवळं, मग पोपटी, मग हिरवंगार!

गोगीनं चाटलं. चट् चट् चट्! ढेकर दिला, एवढासा.

गोगीचा घास गोगीला मिळाला. आता कुणाचा राहिला? उघडा तोंड, आऽऽ!