भिवा बुरूड आणि त्याचा कापशा

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथे भिवा नावाचा बुरूड राहत होता. बांबूच्या टोपल्या आणि सुपं विणायची, बाजारात न्यायची, एवढंच त्याचं जग. घरात तो आणि कापशा नावाचा पांढरा ससा.

भिवा माणसांशी मोजकंच बोलायचा. कापशाशी मात्र दिवसभर त्याच्या गप्पा चालत. शेजारी तानूआक्का नावाची वयस्कर माळीण होती. तिचा मळा भिवाच्या कुंपणाला लागूनच होता. रोज ती कापशासाठी मुळ्याचा पाला आणायची आणि हाताने भरवायची.

एका सकाळी कापशा कोपऱ्यातून हललाच नाही. आदल्या दिवशीचा अर्धा पाला तसाच पडला होता. तो अंग आखडून बसला होता आणि दात करकर वाजवत होता. भिवाने जवळ घेतलं तर कान गार लागले.

भिवाने त्याला टोपलीत ठेवलं, वर उपरणं घातलं आणि नदीपलीकडच्या वैद्याकडे धाव घेतली. नाव पलीकडच्या काठाला होती आणि नावाडी कुठे दिसत नव्हता. भिवा थांबला नाही. टोपली डोक्यावर धरून तो पाण्यात उतरला. पाणी कमरेपर्यंत आलं. पायाखालचे दगड निसटत होते. वर दातांची करकर ऐकू येत होती, तोवर त्याला धीर होता. नदीच्या मध्यावर ती करकर थांबली.

टोपली खाली घेऊन बघायची सोय नव्हती. भिवा तसाच पाणी कापत काठाला लागला आणि त्याने उपरणं बाजूला केलं. कापशाचे डोळे उघडे होते. श्वास भराभर चालला होता.

वैद्यबुवांनी हलक्या हाताने पोट चाचपलं. "दगडासारखं झालंय," ते म्हणाले. त्यांनी ओव्याचं कोमट पाणी थेंब थेंब पाजलं.

"कशानं झालं हो हे?"

"सांगता येत नाही, भिवा. ससा दुखणं लपवतो. आपल्याला दिसतं तेव्हा फार पुढे गेलेलं असतं."

"वाचेल ना?"

वैद्यबुवांनी कापशाला पुन्हा उपरण्यात गुंडाळलं. "घरी ने. उबेत ठेव. मांडीवरून उतरवू नकोस."

आता नावाडी नावेवर परतला होता. भिवा नावेतून घरी आला आणि कापशाला मांडीवर घेऊन बसला. उन्हं माथ्यावर आली तेव्हा कापशाने एकदा पाय ताणले आणि मान टाकली.

बातमी कळून दोन-चार माणसं दारात आली. त्यातल्या एकाने विचारलं, "काल खाल्लं काय होतं त्यानं?"

"तानूआक्काच्या मळ्यातला पाला."

"मग आणखी काय शोधतोस?"

वैद्यबुवांचं 'सांगता येत नाही' भिवाला सोसवत नव्हतं. आता दोष द्यायला एक नाव मिळालं आणि त्याच्या पायांत बळ आलं. त्याने कापशाला टोपलीत निजवलं, बांबू तोडायचा कोयता उचलला आणि तो सरळ मळ्यात शिरला. बांधालगत दोडक्याचा वेल मांडवावर चढला होता. भिवाने तो बुडातून तोडला आणि मुळ्याच्या वाफ्याकडे वळला.

तेवढ्यात विहिरीकडून तानूआक्का आली. तिच्या ओच्यात पाला होता.

"भिवा, सकाळी दार बंद होतं तुझं. कापशा बरा आहे ना? हा बघ, कोवळा निवडून काढलाय."

भिवाची मूठ कोयत्यावर आवळली. "मेला तो. तुझ्या पाल्यानं मेला."

ओच्यातला पाला खाली पडला. तानूआक्काने तुटलेला वेल पाहिला, कोयता पाहिला. ती आता भांडेल, नाही म्हणेल, याची भिवा वाट बघत होता. ती भांडली असती तर त्याचा हात उठला असता.

"असेलही," ती हळूच म्हणाली. "मला काय ठाऊक? मीच तर भरवला त्याला." ती वाफ्यात बसली आणि एकेक मुळा उपटू लागली. "मला नको आता हे."

तिचे खांदे हलत होते. तोंडातून आवाज मात्र निघत नव्हता. भिवा बघत राहिला. अर्धा वाफा उपटून झाला, तरी त्याच्या छातीवरचा भार तसूभर कमी होईना. त्याने कोयता टाकला, तिच्याजवळ बसला आणि तिचा मातीने भरलेला हात धरला.

"आक्का, थांब. कशानं गेला ते वैद्यांनाही सांगता आलं नाही. मलाही ठाऊक नाही गं." आणि सकाळपासून पहिल्यांदाच तो रडला.

दोघांनी मिळून झोपडीमागे खड्डा खणला. माती लोटण्याआधी तानूआक्काने कापशाच्या कानांवरून हात फिरवला. मग ती भिवाच्या ओट्यावर बसली आणि म्हणाली, "तो तुझ्याकडे आला कसा, ते कधी सांगितलं नाहीस."

भिवा सांगू लागला. दिवे लागले तरी त्याचं बोलणं संपलं नव्हतं.

तोडलेला वेल काही जोडता आला नाही. पुढे भिवाने त्या जागी नवा मांडव बांधून दिला आणि तानूआक्काने नवं बी लावलं.

तात्पर्य: जिवाभावाचं कुणी अचानक गेलं की मन दोष द्यायला माणूस शोधतं, आणि खरी गरज असते ती सोबत रडणाऱ्या माणसाची. पुष्कळदा या दोन्ही ठिकाणी माणूस एकच असतो, म्हणून हात उगारण्याआधी त्याच्याकडे नीट बघावं.