पाहुणघराचा निरोप

डोंगर आणि नदी यांच्यात युद्ध चालू होतं. ते सुरू होऊन इतके हिवाळे गेले होते की पहिली खोडी कुणी काढली हे सांगणारं दोन्हीकडे कुणी उरलं नव्हतं. डोंगरावर साळिंदरं राहत, नदीत पाणमांजरं. एकमेकांशिवाय त्यांना दुसरा उद्योग राहिला नव्हता.

या दोघांच्या मधे एक दलदल होती. ती डोंगराची नव्हती आणि नदीचीही नव्हती. तिथे बगळे राहत, आणि आपण कुणाच्याच बाजूचे नाही याचा त्यांना भारी अभिमान. एका पायावर उभं राहण्याचं कारणही ते हेच सांगत: दुसरा पाय टेकला आणि तो चुकून कुणाच्या बाजूला पडला तर? तशी पाणमांजरं लढाईवर गेल्यापासून नदीत मासळी माजली होती आणि बगळ्यांच्या अंगावर चांगलं मांस चढलं होतं, पण ते असो. युद्ध म्हटलं की कुणीतरी तटस्थ लागतंच.

डोंगराची बारा साळिंदरं नदीकडे अडकली होती आणि नदीची बारा पाणमांजरं डोंगराकडे. त्यांची सुटका व्हावी म्हणून डोंगराने बयाजी नावाचं एक वयस्क साळिंदर आपला वकील म्हणून दलदलीत पाठवलं. बयाजी शांत डोक्याचा, शब्द जपून वापरणारा. पण तो स्वतःहून पुढे झाला होता याचं कारण वेगळंच होतं. त्या बारांत त्याची बायको होती, सारजा. झऱ्यावर गेली आणि तिथेच धरली गेली, त्याला आणि बोलणी सुरू झाल्याला आता चार वर्षं होत आली होती.

हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगून चालणारही नव्हतं. बगळ्यांचा नियम होता की ज्याचं स्वतःचं कुणी आत आहे त्याने बोलणीला बसायचं नाही. बसला तर त्याने केलेला सगळा करार रद्द. म्हणून बयाजी रोज बोलणीला बसे आणि यादीतलं सारजाचं नाव इतर अकरा नावांसारखंच वाचे. ते नाव आलं तरी आवाज हलू द्यायचा नाही हे तो शिकला होता.

दलदलीतून पलीकडच्या काठावरचं वेताचं फाटक दिसे. त्याच्या आत ती होती. बयाजी सकाळी कंद उकरून आणी आणि त्या फाटकाकडे तोंड करून एकटाच खाई. बगळे त्याच्याशी अदबीने वागत, पण काट्यांना भिऊन चार हात लांब उभे राहत. त्याला वाटे, निदान भांडायला तरी कुणी जवळ यावं.

भांडायला एकच होता, नदीचा वकील सटवाजी. जाड मिशांचं, नेहमी ओलं असलेलं पाणमांजर. त्याने पहिल्याच बैठकीत शेपटी आपटून सांगितलं, "आम्ही कुणाला कैद केलेलं नाही. ते आमचे पाहुणे आहेत."

"बारा पाहुणे? आणि वेताच्या कुडात?"

"तुमच्याकडे आमचे बारा आहेत ते कोण मग?"

बयाजीने जरा विचार केला. डोंगराच्या पंचांनीही 'कैदी' हा शब्द वापरायला मनाई केली होती, कारण सभ्य राज्यं कैदी ठेवत नाहीत. "तेही पाहुणेच," तो म्हणाला. एवढ्या एका शब्दावर दोघांचं एकमत व्हायला पहिलं वर्ष गेलं.

मग बगळ्यांचा कारकून धवलपंत याने मसुदा केला. पाहुणे म्हटले की त्यांना सोडता येत नाही. त्यांनी आपणहून निघायला हवं. तेव्हा प्रत्येक पाहुण्याने नदी पायी ओलांडता येते त्या उतारावर, सर्वांसमक्ष, आपल्या तोंडाने निघत असल्याचं सांगावं, आणि तो जे सांगेल ते जसंच्या तसं लिहून घ्यावं. दोन्ही वकिलांनी मान डोलावली. यात खोट काढण्यासारखं काय होतं?

ठरल्या दिवशी सकाळी उताराच्या दोन्ही बाजूंना पाहुणे आणले गेले. बयाजीने चार वर्षांत पहिल्यांदा सारजाला पाहिलं. वाळली होती. तिनेही त्याला पाहिलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं, तेव्हा त्याला कळलं की तिला सगळं समजलंय.

सगळ्यात पुढे एक तरुण साळिंदर होतं. धवलपंताने बोरू उचलला आणि विचारलं, "पाहुणे, आपलं काय म्हणणं?"

ते साळिंदर आपल्या राखणदारांकडे वळलं आणि लहानपणापासून शिकवल्याप्रमाणे नम्रपणे म्हणालं, "येतो."

धवलपंताने लिहिलं: परत येणार.

बगळ्यांना निरोप घेण्याची रीतच नव्हती. ते नुसते उडून जात. जो येतो म्हणतो तो येणार, याच्या पलीकडे त्यांना त्या शब्दात काही दिसेना. आणि परत येणाऱ्या पाहुण्याला जाऊ देण्याची तरतूद मसुद्यात नव्हती. मग डोंगराकडच्या पहिल्या पाणमांजराला विचारलं. त्यानेही मान लववली आणि म्हणालं, "येतो." दुपारपर्यंत चोवीसच्या चोवीस जणांनी तेच सांगितलं, आणि चोवीसच्या चोवीस जण आल्या वाटेने परत नेले गेले. सारजा फाटकाशी पोचेपर्यंत बयाजी तिच्या पाठीकडे बघत राहिला. त्याला ओरडावंसं वाटत होतं.

दोन्ही वकिलांनी आपापल्या पंचांना कळवलं की हा नुसता निरोपाचा शब्द आहे, यात काही नाही. दोन्हीकडून उत्तर आलं, आणि गंमत अशी की ते एकच होतं: आमच्यांचा 'येतो' हा निरोप आहे, त्यांचा 'येतो' ही धमकी आहे.

त्या दिवशी बैठक संपल्यावर सटवाजी उठला नाही. बगळे पांगले तसा तो हळूच म्हणाला, "बयाजीबुवा, तुमच्यातसुद्धा 'जातो' म्हणत नाहीत?"

"जातो कोण म्हणणार, सटवाजीराव? जो खरंच चाललाय तो. शेवटचा."

"आमच्यातही तसंच," सटवाजी म्हणाला. "माझा बाप म्हणाला होता. एकदाच."

तो सरकून बयाजीच्या शेजारी येऊन बसला. इतक्या दिवसांत बयाजीच्या इतकं जवळ कुणी बसलं नव्हतं, आणि जो बसला होता तो शत्रू होता. त्याला फार बरं वाटलं आणि त्या बरं वाटण्याची लाजही वाटली.

"म्हणायला लावावं लागेल त्यांना," अखेर बयाजी म्हणाला.

"लावू. दुसरा इलाज नाही."

तसं दोन्हीकडे सांगून पाठवलं. काम सोपं नव्हतं. वेताच्या कुडामागे सारजाला आणि बाकीच्यांना तो शब्द शिकवायचं काम ठकूबाईवर आलं. ठकूबाई म्हणजे त्यांच्यावर पहारा करणारं पाणमांजर. चार वर्षं फाटक उघडायचं, कंद आत द्यायचे, फाटक लावायचं, एवढंच तिचं जग होतं. ती त्यांना ओळीत उभं करी आणि म्हणे, "हं, म्हणा." कुणी कानावर हात ठेवी, कुणी रडायला लागे. आपल्या घरच्यांच्या देखत आपण मेलो असं सांगायचं, आणि तेही धडधाकट पायांवर उभं राहून! ही बातमी दलदलीत पोचली तेव्हा बयाजीला जेवण गेलं नाही. सारजा म्हणेल का? आणि तिने म्हटलेलं आपल्याला ऐकवेल का?

दुसऱ्यांदा सगळे उतारावर जमले तेव्हा हवा स्वच्छ होती. तरुण साळिंदराने डोळे मिटले आणि म्हटलं, "जातो." धवलपंताने लिहिलं: जाणार. ते साळिंदर पाणी तुडवत या काठाला आलं आणि मटकन खाली बसलं. मग एक पाणमांजर गेलं. मग एक साळिंदर. कुणाचा आवाज चिरकला, कुणी इतकं हळू बोललं की धवलपंताने पुन्हा विचारलं. पण अकरा जण या काठाला आले आणि अकरा त्या काठाला गेले.

शेवटची सारजा होती.

"बाई, आपलं काय म्हणणं?"

तिने बयाजीकडे पाहिलं नाही. खाली पाण्याकडे बघत, स्पष्ट, प्रत्येक अक्षर सुटं करून ती म्हणाली, "जाते."

शब्द झाला होता. धवलपंताने तो लिहिला, शाई सुकायला वर वाळू टाकली आणि बोरू खाली ठेवला. सारजा पाण्यात उतरली. एक पाऊल, दोन पावलं. बयाजीने नकळत एक पाय पुढे टाकला होता. आता ती घरी येणार होती, आणि मग तो तिला सांगणार होता की चार वर्षं तो रोज त्या फाटकाकडे तोंड करून जेवत होता.

तिसऱ्या पावलाला सारजा थांबली. जिच्या हातचं चार वर्षं खाल्लं तिला पाठ दाखवून निघायची रीत डोंगरात नाही. कारकुनाला सांगायचं ते सांगून झालं होतं. हे वेगळं होतं, घरगुती होतं. ती मागे वळली आणि म्हणाली, "येते हं, ठकूबाई."

"ये गं," ठकूबाई म्हणाली.

दोघींच्या तोंडून ते इतक्या सहज निघून गेलं की आपण काही बोललो हे त्यांना सगळ्यांचे चेहरे बघून कळलं.

धवलपंताने बोरू पुन्हा उचलला. त्याने 'जाणार' खोडलं आणि 'परत येणार' लिहिलं. मग जरा थांबून, कारण तो अत्यंत प्रामाणिक कारकून होता, त्याखाली आणखी एक ओळ लिहिली: नदीच्या पहारेकरणीने शत्रूला 'ये' म्हटलं. नदीचे पंच काठावर बसलेच होते. त्यांना फार वेळ लागला नाही. दोन पाणमांजरं पुढे आली आणि ठकूबाईच्या दोन्ही बाजूंना उभी राहिली. डोंगराकडचं बारावं पाणमांजर 'जातो' म्हणून सारजाबरोबरच पाण्यात उतरलं होतं, तेही अर्ध्यातून माघारी वळवलं गेलं.

"वकिलांना काही म्हणायचंय?" धवलपंताने विचारलं.

बयाजीच्या मागे अकरा साळिंदरं बसली होती, ओली, थरथरत, घराच्या इतक्या जवळ. तो एक वाक्य बोलला असता, ती माझी बायको आहे एवढंच, तर त्या अकरांना उठून पुन्हा पाण्यात उतरावं लागलं असतं. सटवाजी समोरून त्याच्याकडे बघत होता. त्याला बहुतेक कळलं होतं, कारण त्याने मान खाली घातली.

"काही नाही," बयाजी म्हणाला. हा आवाज आपला आहे हेही त्याला ओळखू आलं नाही.

सारजा आणि ठकूबाई काठ चढून गेल्या, मागे दोन पहारेकरी. पहारेकरी नवे होते, त्यांना फाटकाची कडी सापडेना. तेव्हा ठकूबाईनेच पुढे होऊन ती काढली, बाजूला सरून सारजाला आधी आत जाऊ दिलं आणि तिच्या मागून स्वतः आत गेली. सारजाने सरकून तिला जागा करून दिली. मग ठकूबाईने रोजच्यासारखं फाटक ओढून घेतलं, आतून.