भागीची हाक

एका खाडीच्या तोंडाशी एक इवलंसं बेट होतं. बेटावर तीस घरं आणि घरांपुढे मैलभर चिखल. परक्याला तो नुसता चिखल दिसे. बेटावरच्या बायका मात्र ओहोटीला त्यातून तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, वेचत, आणि त्यावरच ती तीस घरं जेवत.

राजाने त्या चिखलावर मिठागर बांधायचं ठरवलं. पण त्याच्या आजीने एक नियम घालून ठेवला होता. पावसाळा सरल्यावर परमुलखातले पक्षी जिथे उतरतात, तिथे कुदळ लावायची नाही. म्हणून आश्विनातल्या एका सकाळी बल्लाळपंत कारभारी दुर्बीण घेऊन बेटावर आले.

"दिवस मावळेपर्यंत पाहीन," ते म्हणाले. "पाहुणे दिसले तर चिखल तुमचा. नाही दिसले तर उद्यापासून काम सुरू."

झालं! सगळं गाव ओरडू लागलं, "ते बघा, आले!" पंत धावत जात आणि तिथे कावळा निघे. एका शहाण्याने तर घरच्या बदकाला हळद फासून चिखलात सोडलं. ते बदक सगळ्यांदेखत त्याच्याच अंगणात दाणे टिपायला परतलं.

मग गावचा म्होरक्या धाकू तांडेल पुढे आला. त्याने लांबवरचे पांढरे ठिपके दाखवले. "सरकार, हे तरी नक्की परमुलखातले!"

उन्हाच्या तिरिपीने पंतांना काही उमगेना. जवळच भागी नावाची बाई तिसऱ्या वेचत होती. तिचा सगळा जन्म त्या चिखलात गेलेला. पंतांनी तिला विचारलं.

भागीने कपाळावर हात धरून पाहिलं. "बगळे आहेत ते, सरकार. बारा महिने इथलेच."

धाकू संतापला. "गो भागी, उद्या चुलीवर काय दगड शिजवशील?"

भागीचंही पोट त्याच चिखलावर होतं. तरी ती ठामपणे म्हणाली, "न आलेल्यांना आले कसं म्हणू? येतील तेव्हा मीच सांगेन."

दुपारी भरतीने चिखल झाकला. गाव भागीशी बोलेना. दिवस मावळतीला टेकला, पाणी ओसरत चाललं, तसे पंत होडीत बसून निघाले.

होडी थोडी दूर जाते तोच किनाऱ्यावर पुन्हा ओरडा झाला, "आले, आले!" पंतांनी मानही वळवली नाही. दिवसभर तेच ऐकून त्यांचे कान किटले होते. तेवढ्यात एक निराळी हाक आली.

"पंत, आता आले!"

हाक भागीची होती. पंत ताडकन उठले. "होडी वळव!"

"वळवली तर ओहोटीत रुतेल, सरकार," नावाडी म्हणाला. "मग उद्याच सुटका."

"रुतू दे."

पंत परतले आणि पाहतच राहिले. लांब, विळ्यासारख्या वाकड्या चोचींचे कुरल पक्षी थव्यामागून थवे उतरत होते. हिमालयापलीकडून आलेले ते पाहुणे चिखलात चोची खुपसून जेवायलाही लागले होते. पंतांनी तिथेच उभ्या उभ्या नोंद केली. चिखल बेटाचाच राहिला.

धाकूला आनंद झाला, पण एक गोष्ट त्याला खुपत होती. "सरकार, आम्हीही ओरडत होतो की. मग तिच्याच हाकेला का वळलात?"

पंत म्हणाले, "सकाळी ती 'नाही' म्हणाली होती, म्हणून."

तात्पर्य: स्वतःचं नुकसान दिसत असूनही जो खरं तेच सांगतो, त्याच्या एका शब्दावर लोक वाट बदलतात.