गहिन्याची बिनजखमेची दाढी

एका गावात एक भोळा गडी राहत होता. तसे त्या गावात भोळे पुष्कळ होते, पण ते अधूनमधून भोळे असत. हा बारा महिने होता. नाव गहिनीनाथ. एवढं मोठं नाव याला झेपायचं नाही, असं ठरवून गावाने त्याचं गहिन्या केलं होतं.

गहिन्या आळशी नव्हता आणि उर्मटही नव्हता. सांगितलेलं तो कधी विसरत नसे. खरी अडचण तीच होती.

तर गहिन्याचं लग्न ठरत आलं होतं. मुलगी वाघदरीची, नाव द्वारका. तिने गहिन्याला पाहिलं तेव्हा त्याच्या तोंडावर छातीपर्यंत दाढी होती. पाहुणे गेल्यावर ती वडिलांना म्हणाली, "माणूस गरीब दिसतो. पण त्या झाडीत तोंड कसं हाय, त्येच कळंना. साखरपुड्याला दाढी करून बसू दे. आधी तोंड बघीन, मग हो म्हणीन."

तिच्या वडिलांनी, उत्तमरावांनी, तसा निरोप धाडला. घरही बघून होईल म्हणून साखरपुडा गहिन्याच्याच दारात ठरला.

गहिन्याला द्वारका फार आवडली होती. चहा देताना तिने "साखर पुरे का?" असं विचारलं होतं. आजवर गहिन्याला सगळे सांगत आले होते, विचारलं कुणीच नव्हतं. दाढी झाली नाही तर ही मुलगी जाणार, एवढं त्याला पक्कं कळलं होतं.

पण दाढी करायची कुणी? गावातल्या केशकर्तनालयात त्याला नेऊन झालं. वस्तरा गळ्याला लागला की गहिन्याला गुदगुल्या होत, आणि गुदगुल्या झाल्या की तो मान झटकून हसे. दुकानदाराने वस्तरा मिटला आणि हात जोडले. "घेऊन जावा ह्याला. गळ्याची जबाबदारी आपल्याच्यानं व्हायची न्हाई."

मग रंभाजीमामा पुढे झाले. मामा फौजेत हवालदार होते. रोज सकाळी सेफ्टी रेझरने दाढी केल्याशिवाय ते चहाला हात लावत नसत. आधी त्यांनी कात्रीने गहिन्याची झाडी छाटून बोटभर केली. मग आपली दाढीची पेटी त्याच्यापुढे ठेवली.

"ह्यात काय अवघड न्हाई गहिन्या. ह्यानं शेंबडं पोरगंबी दाढी करील. रेझर घ्यायचा न्‌ फिरवायचा."

गहिन्याने रेझर घेतला आणि विळ्याने गवत कापावं तसा गालावर ओढला. घरातल्यांनी आधी रक्त पाहिलं आणि मग आरोळी ऐकली.

"आरं, जोर कशाला लावतो?" मामा ओरडले. "नुसता दोन बोटांनी धरायचा. हलका. बाकी त्येचं वजन त्येला बघू द्यायचं."

"बरं," गहिन्या म्हणाला. आणि त्याने ते लक्षात ठेवलं.

दुपारी मामा मांडवाचा पत्रा ठोकायला शिडीवर चढले. वरून म्हणाले, "गहिन्या, शिडी धर."

गहिन्याने शिडी धरली. दोन बोटांनी, हलकी. बाकी शिडीचं वजन त्याने शिडीला बघू दिलं. शिडीने ते बघितलं नाही. मामा पत्र्यासकट उकिरड्यात जाऊन बसले.

"मामा, तुम्हीच सांगितलं व्हतं."

"ते दाढीचं व्हतं, लेका!" मामा शेणातून उठत म्हणाले. "हितं घट्ट धरायचं! दोन्ही हातांनी, पाय रोवून. न्‌ काय झालं तरी हलू द्यायचं न्हाई!"

"बरं," गहिन्या म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आरशासमोर उभा राहिला. पाय रोवले. रेझर दोन्ही हातांनी गालाला लावला आणि अजिबात हलू दिला नाही. आई दळण घेऊन आली तेव्हाही तो तसाच होता. जेवायची ताटं मांडली तरी तसाच. घाम डोळ्यांत जात होता, पण माणूस हलला नाही.

मामांनी त्याच्या हातातून रेझर सोडवून घेतला. ते शांत माणूस होते, फौजेने त्यांना शांत केलं होतं. त्यांनी त्याला जवळ बसवलं. "हे बघ बाळा. केस कसा असतो? कडक. म्हणून आधी गरम पाण्यात चांगलं भिजवायचं. मऊ पडलं की ब्रशनं गोल गोल फिरवून दाट फेस करायचा. कडक आसंल तवर हात लावायचा न्हाई. कळलं?"

"कळलं. कडक आसंल तर भिजवायचं, न्‌ फेस करायचा."

"वा!" मामा म्हणाले. वा म्हणायची त्यांनी जरा घाई केली.

कारण दुपारी आईने हाक मारली. "गहिन्या, साखरपुड्याचं पापड डब्यात हायत. कडक हायत का, बघून ये."

पापड कडक होते. चांगले कडकडीत होते. गहिन्याने बंब पेटवला, पाणी तापवलं आणि डबाच्या डबा घंगाळात ओतला. पापड मऊ पडले. मग त्याने मामांचा ब्रश घेतला. आई मागे गेली तेव्हा घंगाळाच्या वर हातभर फेस आला होता आणि आत उडदाचं काहीतरी तरंगत होतं.

आई मटकन खालीच बसली. पापड लाटायला अख्खी गल्ली आली होती. "आरं माझ्या राजा, ह्याला पाणी दावायचं न्हाई! उन्हात पसरायचं, खडखडीत वाळू द्यायचं, न्‌ कावळ्यावर नजर ठेवायची!"

"बरं," गहिन्या म्हणाला. आईचे डोळे पुसायला त्याने स्वतःचा टॉवेल दिला. त्यालाही फेस होता.

पुढची दाढी माळवदावर झाली. गहिन्याने तोंडाला साबण लावला आणि भर उन्हात उताणा पडला. खडखडीत वाळेपर्यंत उठला नाही. मधूनमधून कावळ्यांवर नजर ठेवली. कावळ्यांनीही त्याच्यावर ठेवली. मग त्या वाळक्या तोंडावर रेझर फिरवला आणि खाली येताना सबंध जिना मोजता येईल असे थेंब टाकत आला.

मामांनी तुरटी फिरवली. गहिन्या असा किंचाळला की गोठ्यातली म्हैस दावं तोडून गेली.

"आता शेवटचं सांगतो," मामा म्हणाले. "केसाचा कल बघायचा. गालावर बोट फिरव. जिकडं मऊ लागतं ना, तिकडं केस वळलेत. जिकडं ते चाललेत, तिकडंच आपुन जायचं. उलटं म्हणून जायचं न्हाई. उलटं गेलं की सोलपटलंच."

हे गहिन्याला फार पटलं. सबंध दिवस तो पुटपुटत होता, जिकडं ते चाललेत तिकडं आपण जायचं.

त्याच दिवशी अण्णांनी, म्हणजे गहिन्याच्या वडिलांनी, त्याला शेजारच्या गावाहून गुरुजींना बोलवायला पाठवलं. अण्णा तापट होते. ते काम सांगत तेव्हाच रागावून घेत, म्हणजे नंतर वेळ जात नसे. गहिन्या निघाला. वाटेत समोरून मेंढरांचा कळप आला. दोन-तीनशे मेंढ्या, नखशिखांत केस, आणि सगळ्या एकाच बाजूला चाललेल्या. गहिन्याने कल बघितला. एका मेंढीवरून बोट फिरवून खात्री केली. आणि वळून त्यांच्याबरोबर चालू लागला.

अंधार पडल्यावर तो मेंढवाड्यात सापडला. धनगराने त्याला भाकरी-दूध दिलं होतं. गुरुजी तिकडे पिशवी भरून वाट बघत बसले होते.

"समोरनं कुणी का येईना!" अण्णा गरजले. "त्येच्या तोंडासमोर घुसायचं, उलटं जायचं, मागं वळून बघायचं न्हाई!"

"बरं, अण्णा."

त्यानंतरच्या दाढीबद्दल न बोललेलं बरं. तुरटी मात्र अर्धी झाली.

साखरपुडा उद्यावर आला. गहिन्याच्या तोंडावर मधे मधे केस होते आणि मधे मधे खपल्या. त्याने आरशात बघितलं आणि पहिल्यांदाच त्याचा चेहरा पडला. "मामा, द्वारका न्हाई म्हणंल का हो?"

एवढ्या सरळ प्रश्नाला फौजेत उत्तर शिकवलं नव्हतं. मामा म्हणाले, "मी हितं बसतो. तू माझ्यादेखत कर."

मामांनी त्याला पाणी तापवायला लावलं. गाल भिजवला. दाट फेस झाला. एका हाताने कातडी ताणली, दुसऱ्या हाताने रेझर दोन बोटांत धरला, जरा तिरपा, हलका, केसांच्या कलाने. छोटे छोटे हात. मधूनमधून रेझर पाण्यात बुचकळून. एक पट्टा स्वच्छ निघाला. मग दुसरा. मग सबंध एक गाल, रक्ताचा थेंब नाही! मामांनी त्याला मिठी मारली आणि मामांचाही गाल फेसाळला.

"जमलं रे! बास. दुसरा गाल उद्या सकाळीच कर, म्हंजी ताजा दिसंल. न्‌ एवढ्यात काम सांगणाऱ्या कुणापाशी फिरकू नको."

पण सकाळी आईने हाक मारली आणि आईला नाही कोण म्हणणार?

"गहिन्या, ओटीचं नारळ सोलून दे."

गहिन्याने नारळ सोलले. अगदी चकचकीत सोलले. आईने कपाळावर हात मारला. "आरं, शेंडी कुठं? शुभकार्याला बाकीचं सगळं साफ काढायचं, पर शेंडी तेवढी राखायची! शेंडीबिगर मान न्हाई!"

"बरं," गहिन्या म्हणाला. आणि पाणी तापवायला गेला.

ही दाढी त्याने न्हाणीत, कडी लावून, मन लावून केली. गरम पाणी होतं. फेस दाट होता. हात हलका होता. कल बघितला, कातडी ताणली. मधूनमधून रेझर बुचकळला. खरोखर, त्या पंचक्रोशीत इतकी सफाईची दाढी कुणी केली नसेल. वेळ जरा जास्त लागला, पण कामही जास्त होतं.

बाहेरून मामांनी कडी वाजवली. "झालं का रे?"

"झालं मामा! एक थेंब रगत न्हाई! सगळं साफ!"

"शाब्बास रे वाघा! आता ऐक, मी पाहुण्यांना आणायला येशीपाशी चाललो. अण्णांना रेझर दे, त्यांची दाढी राहिलीय. न्‌ तू पाहुण्यांपुढं तोंड उघडू नको. ते करतील ते करायचं. ते बसले तर बस. हसले तर हास. जास्तीचं काय करायचं न्हाई."

"बरं," गहिन्या आतून म्हणाला.

मामा वेशीकडे गेले आणि पाहुण्यांची जीप नदीकडच्या रस्त्याने आली. दारात थांबली. उत्तमराव उतरले, त्यांच्या दोघी बहिणी उतरल्या, द्वारका उतरली. सगळ्यांच्या अंगावर जरीची वस्त्रं होती, ताटात पेढे होते.

ओट्यावर गहिन्या उभा होता. पांढरं धोतर, पांढरा सदरा. दाढी साफ. मिशी साफ. डोक्याचा गुळगुळीत गोटा, आणि मागे बोटभर शेंडी.

उत्तमरावांच्या हातातलं ताट कलंडलं. त्यांनी ओट्यावर बघितलं, पडवीत बघितलं. अण्णा कुठेच दिसेनात. आदल्या आठवड्यात ज्या माणसाबरोबर बसून देण्याघेण्याचं बोलणं केलं, त्याचा मुलगा आज असा समोर उभा! उत्तमराव धावत ओट्यावर चढले आणि त्यांनी गहिन्याला छातीशी धरलं.

"आमाला कळवायचं तरी, पोरा! लई भला माणूस व्हता रे!" आणि ते ढसाढसा रडू लागले.

गहिन्याला काही कळलं नाही. पण पाहुणे रडत होते. तोही रडू लागला. उत्तमरावांच्या बहिणींनी पदर तोंडाला लावून सूर धरला, तेव्हा गहिन्याने आणखी वरचा धरला. उत्तमरावांनी छाती बडवली, गहिन्याने छाती बडवली. आई मागच्या अंगणात पुरण वाटत होती. वाजंत्रीवाले लवकर आले वाटतं, असं ती म्हणाली.

इतक्यात घरातून गर्जना झाली. "कुठाय तो!"

घडलं होतं एवढंच, की गहिन्याने आरशापाशी ठेवून दिलेला रेझर घेऊन अण्णांनी तोंडभर फेस केला होता, आणि सबंध डोकं भादरून बोथट झालेलं ते ब्लेड गालाला लावताच दहा-वीस केस मुळासकट उपटले होते. अण्णा बाहेर आले. डोळ्यांपासून गळ्यापर्यंत पांढरे फटक, वर लाल डोळे, एक हात उगारलेला आणि त्या हातात रेझर.

"मेलो, मेलो!" उत्तमराव ओरडले. ओट्यावरून त्यांनी जी उडी मारली ती थेट जीपपाशी पडली. बहिणी त्यांच्याही पुढे होत्या. द्वारकेला कुणीतरी आत ओढलं, जीप धुरळा उडवत निघाली. नदी ओलांडली, माळ मागे पडला, तेव्हा कुठे उत्तमरावांनी डोळे उघडून कोण कोण वाचलं ते बघितलं. सगळे होते. द्वारकेच्या शेजारी, शेंडी सावरत, धापा टाकत, गहिन्याही होता.

शेवटी द्वारकेनेच विचारलं, "तुम्ही का वो पळालात?"

"तुम्ही पळालात म्हणून."

"आन्‌ आम्ही कुणाला भिऊन पळतोय, ठावं हाय का?"

"न्हाई. कुणाला?"

"तुमच्या वडलांना."

गहिन्याचा जीव भांड्यात पडला. "मग बराबर हाय," तो म्हणाला. "त्यांना तर आम्ही घरातले सगळेच भितो."

जीपमध्ये त्यावर हसली ती एकटी द्वारका. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. बाकीचे सगळे गंभीर होते, पण लग्न तिलाच करायचं होतं.